मानाची चढाई

आमच्या देवळीकडे कबड्डी सोडणाऱ्या जुन्या खेळाडूला नुसता हार घालून घरी पाठवत नसत. त्याला शेवटची एक चढाई द्यायची रीत होती. समोरच्या संघाचे गडी मैदानभर पांगून उभे राहायचे आणि त्यानं एका दमात प्रत्येकापाशी जायचं. गडी वाकून त्याच्या पाया पडायचा, तो त्याच्या पाठीवर हात ठेवून पुढे जायचा. धरायचं कुणीच नाही. हिला मानाची चढाई म्हणत. ज्या कुणी ही रीत काढली, त्याच्या घरात छातीचं दुखणं नसावं.

माझ्या यजमानांना मी 'हे' म्हणत असे, आजही तसंच म्हणते. मिसरूड फुटल्यापासून हे देवळीच्या संघात. दिवसा जिनात कापसाचं काम, संध्याकाळी मैदान. रुईची धूळ छातीत बसत गेली आणि आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. घागर उचलली तरी धाप लागायची. वर्ध्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं, पळायचं नाही आणि दम रोखायचा तर मुळीच नाही, जिवावर बेतेल. परतताना बसमध्ये यांनी मला शपथ घातली.

"गुडघा गेला म्हून सांगू," हे म्हणाले. "गुडघ्याले कोनी हसत नाई."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. मी शपथ घेतली, कारण नवरा बसमध्ये रडायच्या बेतात आलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

गुडघ्याची बातमी फुटली आणि गावाला उधाण आलं. सत्कार ठरला. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्षच झालं होतं, म्हणून नारळ फोडायचा की नाही यावर आमच्या वस्तीत दोन रात्री वाद झाला. शेवटी नारळ नको, फेटा बांधायचा, असं ठरलं. इतका विचार नारळाचा केला, माणसाचा कुणी केला नाही. पण त्यांना तरी कसं कळणार. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि जिचं जळत होतं तिच्या तोंडाला कुलूप होतं.

सत्काराच्या दिवशी सकाळी मी यांच्या पुढे हात जोडले. म्हटलं, "हार घ्या, फेटा घ्या अन् घरी या. चढाई नका करू."

"लोक मले पाहाले येऊन राह्यले. हार पाहाले नाई," हे म्हणाले आणि फेट्याखाली बसतील असे केस विंचरू लागले.

मग मी धाकट्या दिराला गाठलं. तो त्याच संघात खेळायचा. मानाची चढाई मी तोवर कधी पाहिली नव्हती, बाकीच्या चढायांसारखीच असेल असं वाटत होतं. शपथ मोडवत नव्हती, म्हणून एवढंच म्हटलं, "भाऊजी, त्या गड्यायले सांगा, यायले जोरात नका धरू."

तो हसला. "वैनी, मानाची चढाई हाय. हात सुदा नाई लावनार कोनी. तू घोर नको करू."

माझा जीव भांड्यात पडला. आपटणार नाहीत, तर निभावून जाईल, असं मला वाटलं.

हिंगणीचा संघ ट्रकात बसून आला. ज्यांना यांनी इतकी वर्षं रडवलं होतं तेच झेंडूचे हार घेऊन उतरले. मैदानाभोवती माणूस मावत नव्हतं. फेटा बांधून झाला, तो यांनी उतरवून दिराच्या हातात दिला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि रेष ओलांडली. "कबड्डी, कबड्डी" सुरू झालं. आवाज खणखणीत होता. लोकांनी आरोळी दिली.

पहिला गडी वाकला. तो नुसता शिवला नाही. त्यानं दोन्ही पायांवर डोकं टेकलं आणि तसाच राहिला. प्रेमच होतं ते. पण यांचा दम तिथे खर्च होत होता. दुसऱ्यानंही तसंच केलं. तिसरा तर रडतच होता, उठेना. त्याला उठवावं लागलं, आणि तोंडानं कबड्डी चालूच. खेळात कुणीतरी पाय ओढतो, कुणीतरी कंबर धरतो, चढाई संपते, माणूस श्वास घेतो. इथे संपवणारं कुणीच नव्हतं. सगळे मान देत होते.

आवाज घोगरा झाला. मग नुसती कुजबुज उरली. ओठ मात्र हलत होते. लोकांना वाटलं, गळा भरून आला. "वा पठ्ठ्या" म्हणून टाळ्या पडल्या. मला यांचे काळेनिळे पडत चाललेले ओठ दिसत होते.

"धरा यायले," मी ओरडले. "कोनी धरा." त्या गलक्यात कुणाला काय ऐकू जाणार. शेजारची बाई माझ्याकडे बघून कौतुकानं हसली.

मग मी उठले. पदर खोचला आणि बाया बसल्या होत्या तिथून सरळ मैदानात धावत गेले. फक्त हिंगणीचा कप्तान राहिला होता, पार कोपऱ्यात, हात जोडून उभा. हे त्याच्याकडे निघाले होते, पाय फरफटत. मी मागून दोन्ही हातांनी यांचं मनगट धरलं आणि सगळं अंग टाकून मागे ओढलं. हे माझ्या अंगावर कोसळले. छातीतून जो आवाज निघाला तो मी कुणाला सांगितलेला नाही.

हे वाचले. पण खाटेवरून उठले नाहीत ते नाहीतच. लोक भेटायला यायचे, जुन्या चढाया आठवायचे, हे हसायचे. माझ्याशी बोलत नव्हते. पाणी दिलं तर दिराच्या हातून घ्यायचे. मी समजून होते, भर मैदानात बायकोनं धरलं याची लाज आहे. ओसरेल.

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी पाठीला तेल लावत होते. हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू काऊन धरलं मले?"

"दम संपला होता तुमचा."

"मले का मालूम नव्हतं?" बराच वेळ धाप लागली, मग म्हणाले, "मले तिथंच जाऊ द्याचं होतं. लोक होते. फेटा होता. आता हे असं, खाटंवर."

माझा हात थांबला. सत्काराला हे कशासाठी निघाले होते, ते मला तेव्हा कळलं.

"मले नव्हतं जाऊ द्याचं," मी म्हटलं, आणि पुन्हा तेल लावू लागले.