आधीच भरलेला रकाना

सकाळच्या एसटीने पुण्याहून ठाण्याला निघाले, तेव्हा माझा राग नौपाड्यातल्या एका न पाहिलेल्या बाईवर होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कॉम्प्युटरचे पडदे आखत असे. कोणता रकाना कुठे, कोणती कळ दाबल्यावर काय व्हावं, ते ठरवत असे. नौपाड्यातल्या एका रक्तपेढीत आमचा प्रोग्रॅम होता. तिथून रक्तदात्यांना मिळणाऱ्या कार्डांवर रक्तगट चुकीचे छापले जातात, अशी डोंबिवलीच्या एका हॉस्पिटलची तक्रार होती. "बायका लक्ष देत नाहीत. शिकवून ये," साहेब म्हणाले. मलाही ते पटलं होतं.

रक्तपेढी दवाखान्यांच्या गल्लीत होती. कॉम्प्युटरवर सुलभाताई, पन्नाशीच्या. रक्तदात्याचं नाव त्या दोनदा विचारून घेत. खांद्यावर फोन, खिडकीत चार माणसं, बोटं भराभर चाललेली. एन्टर, एन्टर, एन्टर. रक्तगटाच्या रकान्यात ए पॉझिटिव्ह उमटलं आणि तसंच पुढे गेलं.

"ताई, हा तपासला नाहीत."

"अगं, तो आधीच लिहिलेला येतो ना? मला वाटलं, तपासणीवाल्यांनीच भरलाय."

माझे कान तापले. तो तपासणीवाल्यांनी नव्हे, मी भरला होता. यादीतला पहिला गट, म्हणून. रकाना रिकामा दिसू नये, म्हणून. पुण्यातल्या टेबलावर ते फार नेटकं दिसलं होतं.

तक्रार करणाऱ्यांना भेटायचं म्हणून दुपारी डोंबिवलीची बस धरली. ती शीळफाट्याला बंद पडली. ट्रकांची धूळ, ऊन. रस्त्याकडेला एक आगरी बाई (इथल्या जुन्या शेतकरी, मिठागरवाल्या समाजातली) तांदळाची भाकर आणि जवळा (बारीक सुकी कोलंबी) विकत होती.

"खा गो बाय. भुकेनं तोंड लाल झालंय तुझं."

"भुकेनं नाही, मावशी. रागानं."

"मंग दोन खा," ती म्हणाली. मी दोन खाल्ल्या.

मागच्या बसने हॉस्पिटल गाठलं. तिथे आनंदीबाई भेटल्या. गर्भाशयाचं ऑपरेशन ऐनवेळी थांबवावं लागलं होतं. पूर्वी नौपाड्यात रक्तदान केल्यावर मिळालेल्या कार्डावर ए, म्हणून ए रक्त मागवलेलं. देण्यापूर्वीच्या तपासणीत त्या बी निघाल्या. बी रक्त मिळेपर्यंत दोन दिवस त्या रक्तस्रावाने पांढऱ्या पडत खाटेवर होत्या. कशाबशा वाचल्या.

"त्या कार्डाचं यंत्र तू केलंस?"

"त्यातली चूक माझी आहे."

"माझा गट ठाऊक नव्हता, तर काहीच लिवायचं नाही. खोटं कशाला लिवलंस?"



बाहेरच्या एसटीडी बूथवरून साहेबांना सगळं सांगितलं. ते थंडपणे म्हणाले, "त्या क्लार्ककडून लेखी घे, चूक तिची म्हणून. म्हणजे आपण सुटलो."

"तिची नोकरी जाईल."

"तो आपला प्रश्न नाही."

मी फोन आपटला. बूथवाला दचकला.

दुसऱ्या दिवशी नौपाड्यात जाऊन रक्तपेढीच्या डॉक्टरांना माझ्या सहीचं पत्र दिलं: दोष सुलभाताईंचा नाही, माझ्या पडद्याचा आहे. मग तो रकाना रिकामा केला. गट स्वतः टाइप केल्याशिवाय कार्डच छापलं जाणार नाही, असं केलं. ए गटाची सगळी कार्डं काढून, पुन्हा तपासणीला या, अशी पत्रं सुलभाताई आणि मी संध्याकाळपर्यंत लिहीत बसलो. त्या एकदाच बोलल्या. "मला घरी बसवायला आली होतीस ना?" मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी पुढचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

परतीच्या बसमध्ये चीड शमत नव्हती. साहेबांची तर होतीच, पण जास्त स्वतःची. जिच्यासाठी पडदा आखला, तिच्या शेजारी मी एक तासही बसले नव्हते. पुण्यात पोचल्यावर साहेबांनी मला त्या कामावरून काढलं. दोन महिन्यांनी मीच कंपनी सोडली. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी पडदा आखायला कोरा कागद पुढे आला. तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि विचारलं, "हे वापरणारी माणसं कुठे बसतात?"