मामाच्या मांडीवर

आमच्या घरात मामा व्हायला भावाला पंचेचाळीस वर्षं लागली. मला मूल नाही. धाकट्या बहिणीचं लग्न उशिरा झालं आणि त्यानंतरची बरीच वर्षं दवाखान्यांत गेली. त्यामुळे पेणच्या हॉस्पिटलात नर्सने दुपट्यात गुंडाळलेला मुलगा बाहेर आणून दाखवला, तेव्हा भाऊ कुणी काहीही मागितलं तरी हो म्हणाला असता. बहिणीने कॉटवर पडल्यापडल्याच विचारलं, "दादा, आठव्या दिवशी पप्पांच्या जागी तू बसशील ना?"

"बसतो की!" म्हणाला आणि पेढे आणायला गेला.

बसायचं म्हणजे काय, हे त्याच्या ध्यानात घरी जाताना रिक्षात आलं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. मुलाची सुंता आठव्या दिवशी करतो. ती चालू असताना बाळाला मांडीवर घेऊन, त्याचे पाय धरून बसणं हा मोठा मान असतो. एरवी तो आजोबांकडे जातो. आमचे वडील आता नाहीत, आणि बहिणीच्या सासऱ्यांनी "मामाच बसू दे" म्हणून मोठ्या मनाने आपला हक्क सोडला होता.

"ताई, माझ्या मांडीवरच कापणार?"

"नाही, पलीकडच्या गल्लीत कापतील. तू इथे नुसते पाय धर."

"हसू नको. मला जमणार नाय."

हा माणूस नागोठण्याच्या कंपनीत आग विझवणाऱ्या टीममध्ये आहे. आमच्या समाजाच्या उरल्यासुरल्या घरांची कोंबडी रीतीप्रमाणे तोच कापतो, वडिलांनी शिकवलंय. मी त्याला त्याची आठवण करून दिली.

"कोंबडीचा मी मामा नाय," तो म्हणाला.

मग कारणं सुरू झाली. शिफ्ट बदलून मिळत नाही. गुडघा धरलाय. सासऱ्यांना मनातून वाईट वाटत असेल, त्यांनाच बसवू. मी म्हटलं, "ठीक आहे, पण हे तिला तू सांग. मी सांगणार नाही." बहीण तोवर बाळाला घेऊन आमच्याकडे आली होती. तो तिच्या खोलीत गेला आणि लगेच बाहेर आला.

"सांगितलंस?"

"झोपलेय ती."

आतून ती बाळाशी बोलत असल्याचं स्वच्छ ऐकू येत होतं. "मामा आला होता बघ. त्याच्या मांडीवर बसायचंय ना आपल्याला?" मी भावाकडे पाहिलं. तो बागेला पाणी घालायला गेला. आमच्या बागेत तुळशीएवढीच जागा, पण त्या दिवशी तिला तासभर पाणी मिळालं.

शेजारच्या खालाला हे कुणी सांगितलं कुणास ठाऊक. मीच सांगितलं असेल. ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "अरे, आमच्या घरात इतक्या सुंता झाल्या. पोरगे पळाले, पण मामू पळालेला नाय पाहिला. तू पहिलाच."

"खाला, मी पळालोय कुठे?"

"पळणार हायेस. तोंडावर दिसतंय."

घाबरलेल्या माणसाला धीर देण्यापेक्षा काम द्यावं, असं माझं मत आहे. मी पंच्याची गुंडाळी केली, खाली दोन शिराळी पायांसारखी बांधली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "धर." त्याने असं काही धरलं की दोन्ही शिराळी मोडली. दुसऱ्या खेपेला इतकं हळू धरलं की बाळ जमिनीवर. चार दिवस आमच्याकडे शिराळ्याचीच भाजी होती. शेवटी जमलं, पण शिराळं रडत नाही, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

कार्यक्रम रोह्याच्या नदीपलीकडे अष्टमी गावात होता. बहिणीचं सासर तिथे आणि तिथलं सिनेगॉगही जवळ. आमच्यात सिनेगॉगला मशीदच म्हणतात. मलिद्याचे, म्हणजे आमच्यातल्या गोड प्रसादाचे, पोहे पेणहून आम्ही नेले. गाडी भाऊ चालवत होता. मागे बाळ-बाळंतीण, म्हणून त्याने इतकी हळू हाकली की गडब गावापाशी भाताच्या पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. "दादा, आठवा दिवस आजच आहे," बहीण म्हणाली.

मशिदीच्या दारातच तिच्या सासूने त्याला न्याहाळलं. "मामा पिवळा कशाने पडलाय गो? कावीळ नाय ना?"

"उपाशी आहे," मी म्हटलं.

सुंता करणारे मोहेल ठाण्याहून आले होते. बायका मागे उभ्या राहतात, पण मी भावाच्या खुर्चीच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. मोहेलनी भुवया वर केल्या.

"हा पडला तर तुम्ही धरणार का?" मी विचारलं.

"उभ्या रहा," ते म्हणाले.

बाळ आलं. आधी प्रेषित एलियाहू हन्नबीसाठी राखलेल्या खुर्चीवर टेकवलं, मग भावाच्या मांडीवरच्या उशीवर. दुपटं सोडताच पोराने मशीद डोक्यावर घेतली. मोहेल भावाला म्हणाले, "इथे धरा. घट्ट, पण दाबू नका." त्याने धरलं. माझे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर होते. खांदे दगडासारखे झाले होते. प्रार्थना सुरू झाली. मी बघितलं, सगळं बघितलं. मोहेलचा हात चांगला होता आणि काम बघताबघता उरकलं. पट्टी बांधली, बाळाच्या ओठांना द्राक्षरसाचं बोट लावलं, नाव ठेवलं, पुरुष "मझल टोव" म्हणून अभिनंदन करत एकमेकांना भेटू लागले, सासरे डोळे पुसू लागले. भाऊ मात्र पाय धरून तसाच बसलेला.

"मामा, सोडा आता," मोहेल म्हणाले.

भावाचे डोळे गच्च मिटलेले होते. तो दातांवर दात दाबून म्हणाला, "पहिलं सुरू तर करा."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मशीद अशी हसली की बाळ दचकून गप्प झालं. सासू म्हणाली, "अरे मामा, झालं रे! नावसुद्धा ठेवलं!" भावाने एक डोळा उघडला, पट्टी पाहिली, मग दुसरा उघडला.

"आधीपासूनच रडत होता, म्हणून कधी झालं ते कळलंच नाय..."

"तो तुझ्याकडे बघून रडत होता," मी म्हटलं.

बहीण पुढे आली, हात पसरले. "दे दादा, भूक लागलीय त्याला."

भावाने बाळाला उशीसकट छातीशी उचललं.

"थांब जरा," तो म्हणाला. "आत्ताच तर आलाय माझ्याकडे."

ते प्रकरण लवकर मिटण्यातलं दिसेना, तेव्हा मी आत जाऊन मलिदा वाढायला घेतला.