पंख्याबरोबरचा कागद

“आमच्या मॅडमना नुसतं वाचता येतं रे. करून दाखवायचं म्हणशील, तर तुझी सायलीच.”

हॉलमध्ये पप्पा काकाला माझ्याबद्दल सांगत होते. मी आत पाण्याची बाटली भरत होते. ती भरून वाहायला लागली तरी माझा हात नळाकडे गेला नाही. बोलणं चेष्टेतलं होतं, काका हसलासुद्धा. पण त्या दिवशी मी जे केलं, ते परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

सायली म्हणजे काकाची मुलगी. माझ्याहून वर्षाने लहान, गोवंडीला राहते, मराठी शाळेत शिकली. आम्ही मुलुंडला, मी इंग्लिश मीडियमची. हा फरक घरात सगळ्यांना ठाऊक होता, आणि खरं सांगू? मला तो आवडायचा. माझ्याकडे दुसरं होतं काय? चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. सायली घरात आली की घर तिचं होतं.

तिने ॲनिमेशनचा कोर्स केला होता. गोरेगावच्या एका स्टुडिओने तिला एक छोटा सीन करून मागितला – सोमवारपर्यंत. आवडला तर नोकरी. तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. माझा होता. दहावीनंतर पप्पांनी घेऊन दिलेला, लॅपटॉप आल्यापासून मी ढुंकूनही न पाहिलेला. पप्पा तिला म्हणाले, वापर की, पडूनच आहे. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. तरी.

त्या जुन्या कॉम्प्युटरला सीन झेपणार नव्हता. मग तिने त्यात बसेल असा जास्त ताकदीचा सेकंडहँड प्रोसेसर मिळवला. तो जास्त तापणार, आतला छोटा पंखा त्याला पुरणार नाही, हेही तिनेच पप्पांना समजावलं. बाजारातले चांगले कूलर, म्हणजे प्रोसेसरवर बसवायचे पंखे, उंच. ते लावले तर कॅबिनेटचं झाकण बसेना. माझ्या जुन्या कंपासमधली पट्टी आत घालून तिने जागा मोजली, आणि त्या मापाचा एक बुटका, रुंद पंखा शोधून आणला. तो लावायला ती बसली तेव्हा पप्पा मोबाइलचा टॉर्च धरून शेजारी मांडी घालून बसले. पप्पांचा गुडघा दुखतो. खाली बसायचं म्हटलं की कुरकुरतात. माझ्यासाठी कधी बसले होते असे?

पंख्याबरोबर घडी घातलेला एक कागद होता. बारीक इंग्रजी, एकही चित्र नाही.

“ताई, तू वाचत जा ना. मी लावत जाते.”

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. प्रोसेसरवरची जुनी, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून घ्या. नवी पेस्ट वाटाण्याएवढी लावा. पुढची ओळ – बसवण्याआधी पंख्याच्या तळाला चिकटवलेलं पारदर्शक प्लास्टिक काढून टाका, नाहीतर प्रोसेसरची उष्णता अडेल.

ही ओळ मी मनात वाचली.

सायलीच्या हातात पंखा होता. टॉर्चच्या उजेडात तळ चमकला. ते प्लास्टिक इतकं पातळ होतं की धातूच चमकतोय असं वाटावं. मला दिसलं, कारण मला माहीत होतं. मी त्याखालची ओळ वाचली – समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळा.

विसरले नव्हते. घाईतही नव्हते. नुसतं वाचता येतं ना मला?

कॉम्प्युटर सुरू झाला, पप्पांनी टाळी वाजवली. पण सायलीने सीन करायला घेतला की तो तापायचा आणि फटकन बंद पडायचा. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिने झाकण काढून टेबलफॅन समोर लावला. पप्पा म्हणाले, प्रोसेसरवाल्याने फसवलं तुला. रविवारी दुपारी ती माझ्याकडे वळली. डोळे लाल झाले होते.

“ताई, कागदात काही राहिलंय का गं? एकदा बघ ना.”

पहिल्या वेळी राग होता, असं म्हणता येईल. पण या वेळी? मी कागद उघडला. ती ओळ तिथेच होती. मी वरपासून खालपर्यंत वाचल्यासारखं केलं आणि म्हटलं, नाही गं, एवढंच आहे.

सोमवार गेला. स्टुडिओने दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. सायली आता एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, रिपोर्ट देते. कॉम्प्युटरला तिने परत हात लावला नाही. पप्पा एकदा जेवताना म्हणाले, सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही. आणि मला – हे लिहायला जड जातंय – मला बरं वाटलं. त्या दिवशी मी भात परत मागून घेतला.

परवा आईने भंगारवाल्याला बोलावलं. सायली आलेली होती. दाराशी ठेवलेल्या कॅबिनेटवरची धूळ तिने तळहाताने पुसली आणि हसत म्हणाली, “मोठे पप्पा, चांगल्या कॉम्प्युटरची मीच वाट लावली ना? उगाच शहाणपणा केला.”

“असू दे गं,” पप्पा म्हणाले आणि कॅबिनेट उचलायला वाकले.

मी दारात उभी होते. बाजूला झाले नाही. आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“सायली, पंख्याखाली प्लास्टिक आहे. ते काढायचं, असं कागदात लिहिलं होतं. मी वाचलं होतं. दोन्ही वेळा.”