चौथ्या फ्यूजची तार

अक्कांनी मला अर्ध्या तासानं परत यायला सांगितलं होतं. हे मी आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी सांगलीत एका वायरमन मिस्त्रींच्या हाताखाली होतो. एका जैन व्यापाऱ्याच्या घरातली फ्यूजची जुनी लाकडी फळी काढून नवी लोखंडी पेटी बसवायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. फळीवर चार फ्यूज. चौथ्यात तारच नव्हती. ती लाईन सैपाकघराची. त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत, त्यामुळं तिथला दिवा कित्येक वर्षं बंद असल्याची कुणाला अडचण नव्हती.

पेटी बसवली की प्रत्येक लाईन मेगरवर तपासायची. वायरीचं आवरण कुठं खराब होऊन वीज झिरपतेय का, ते हातानं फिरवायचं हे यंत्र दाखवतं. तीन लाईनी चांगल्या निघाल्या. चौथीसाठी आत जाऊन बल्ब काढायला हवा होता, आणि घरच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणत, सोवळ्यात सैपाक करत होत्या.

"आत्ता आत येऊ नगंस. अर्ध्या तासात आटपतंय माजं, मग ये."

"बरं अक्का," म्हणालो.

आष्ट्याला कुस्त्यांचं मैदान होतं आणि मोटार सुटायची वेळ झाली होती. नव्या पेटीत एक फ्यूज रिकामा बरा दिसेना म्हणून मी चौथ्यातही तार भरली, तीन लाईनींचा आकडा सगळ्या घराचा म्हणून कागदावर लिहिला आणि स्टँडकडं पळालो. मैदान कुणी मारलं, ते आज आठवतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी खिळ्याला टांगलेला पितळी झारा काढायला हात घातला. तो खिळा कधीतरी कुणी वायरीच्या पट्टीतच ठोकलेला, थेट आतल्या तारेला भिडलेला होता. इतकी वर्षं बंद पडलेली लाईन मी चालू करून ठेवली होती. अक्का मागं फेकल्या गेल्या. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं भाजली, ती पुढं कधी नीट वाकली नाहीत.

मिस्त्री मला घेऊनच तिथं गेले.

"सैपाकघराची लाईन बघितलीवतीस का रं?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का हाताला फडकं बांधून उंबऱ्याशी आल्या. "आवं मिस्त्री, त्याला बोलू नका. मीच आत येऊ दिलं न्हाई."

"मग तार कशाला भरलीस गड्या? रिकामा ठिवायचा व्हता," मिस्त्री म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता. मालक मात्र बायकोवर उखडले. "तुजं सोवळं एक दिवस जीव घेणार हाय!"

अक्कांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. अर्ध्या तासाचं काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. बोललो असतो तर मिस्त्रींनी उभ्या उभ्या हाकललं असतं, आणि गावात दुसऱ्या कुणी हाताखाली घेतलं नसतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती लाईन बदलायला गेलो, तर अक्कांनी सैपाक लवकर आटपून सैपाकघर मोकळं करून ठेवलेलं.

"आज सावकाश बघ. कुठं जायचं न्हाई न्हवं?"

कुस्त्यांचं त्यांना कळलं होतं की काय, देव जाणे. काम झाल्यावर मला जेवायला बसवलं. उजवा हात चालेना म्हणून सुनेला वाढायला लावलं आणि स्वतः शेजारी बसून "आनी एक भाकरी घाल त्याला" म्हणत राहिल्या.

पुढं मी साताऱ्यात स्वतःचं काम सुरू केलं. मेगर न फिरवता एकही आकडा लिहिला नाही. गिऱ्हाइकं वैतागतात, "ह्यो वायरमन न्हवं, डाक्टर हाय" म्हणतात. माझ्या पोराबाळांच्या ताटातली भाकरी अक्कांच्या त्या गप्प राहण्यातून आली आहे, हे मला रोज आठवतं.

अक्का आहेत, मालकही आहेत. त्या बोटांचा विषय निघाला की मालक अजून सोवळ्यालाच दोष देतात, असं ऐकतो. त्यांच्यासमोर उभं राहून, अक्कांनी मला परत बोलावलं होतं आणि मी गेलो नाही, एवढं सांगायचं माझ्याकडून राहिलेलं आहे.