भाचीच्या मागे, कालव्याच्या काठाने

सुरतेला माणसं साड्या घ्यायला जातात, तुपातली घारी मिठाई खायला जातात, आणि पोट भरायला तर निम्मा खानदेश जातो. पळायला गेलेला आमच्या गल्लीतला पहिला माणूस मीच. वय पंचेचाळीस, पोट सदऱ्याच्या गुंड्यांना न जुमानणारं आणि धंदा भूगोल शिकवण्याचा. आमच्या शाळेत पीटीचे मास्तर पोरांना पळवून घामाघूम करतात. मी नद्यांची नावं विचारून तेच काम बाकावर बसल्या बसल्या करतो.

निमित्त झालं भाचीचं. मंगल ही माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आक्काची मुलगी. बारावीपर्यंत आमच्याकडे अमळनेरला शिकली, मग आईबापाकडे सुरतेला गेली. तिथं तिनं धुळ्याच्या पोलीस भरतीचं मनावर घेतलं आणि रोज पहाटे पळायला लागली. इकडे दाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, नंदुरबारचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं. आक्कानं शेजारच्या दुकानातून फोन केला, "भाऊ, तू ये. पोरगी ऐकत नाही आणि हेही ऐकत नाहीत. मामाचा शब्द दोघं मानतील." माझा शब्द माझ्या घरात मांजरसुद्धा मानत नाही, त्यामुळे ऐकून फार बरं वाटलं. नाताळची सुटी होतीच. भुसावळ-सुरत पॅसेंजर पकडली.

प्लेगच्या साथीनंतर सुरत कशी आरशासारखी लख्ख झाली, हे पेपरात वाचलं होतं. आक्का राहते त्या पांडेसऱ्यापर्यंत तो पेपर पोचला नसावा. दोन्ही बाजूंनी लूमची खटखट, वर रंगाई करणाऱ्या कारखान्यांचा धूर आणि मध्ये आक्काची खोली. बाकी सगळं आपलंच. ओट्यावर खानदेशी बायका, हौदावर खानदेशी भांडणं. फक्त भांडण वाढलं की ते गुजरातीत जातं आणि मिटवायचं झालं की हिंदीत.

दाजी लूमवर रातपाळीला. सकाळी आले, चहाची बशी तोंडाला लावली आणि थेट मुद्द्यावर. "मास्तर, तुम्हीच सांगा. पोरीची जात, ऊर फुटेस्तोवर पळते. लोक हसतात."

"लोकांना तेवढंच काम आहे," मी म्हणालो.

"तुम्ही तिची बाजू घेऊ नका. समजवायला बोलावलंय तुम्हाला."

मला वाद नको असतो. म्हणून मी मान डोलावली, पण अशी, की दोन्हीकडून होकार वाटावा. ही कला शाळेत मुख्याध्यापकांसमोर घोटून घेतलेली आहे.

दुसऱ्या दिवशी अंधार फिटायच्या आत मंगलनं पांघरूण ओढलं. "चालो मामा, मोडू थाय छे (उशीर होतोय)." पायात घालायला दाजींचे जुने कॅनव्हासचे बूट मिळाले. आणि आक्कानं हातात काठी दिली. "कुत्री फार आहेत. काठी सोडू नकोस."

पांडेसऱ्याची खाडी म्हणजे निसर्गाचा चमत्कार. कारखान्यात ज्या रंगाच्या साड्या निघत, त्या रंगाचं पाणी. त्या दिवशी राणी कलर होता. काठाने पळणं हे तसं शिस्तीचं काम, कारण दोन्ही बाजूंना तांबे घेऊन मंडळी बसलेली. आम्ही आलो की ती मंडळी अदबीनं उठून उभी राहत, आम्ही गेलो की पुन्हा स्थानापन्न होत. एवढा मान मला शाळेत कधी मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी मंगलनं "जंगलात" नेलं. जंगल म्हणजे कालव्याच्या बांधावर सरकारी निलगिरीची एक रांग आणि तिच्या पायाशी गांडा बावळ. वेडी बाभूळ. नाव ज्यानं ठेवलं तो शहाणा. तिचा काटा बुटाच्या तळातून येऊन माझ्या टाचेची विचारपूस करून गेला. मी मटकन खाली बसलो. मंगल मात्र झाडांमधून अशी निघून गेली की मी काटा काढायचाच विसरलो. आमच्या घरी हीच पोर शाळेत डबा न्यायला विसरायची. आता तिची पावलं वाजतसुद्धा नव्हती. मला एकदम भरून आलं. आणि भीतीही वाटली, कारण समजवायला आलेला मामा तिथंच फितूर झाला होता.

संध्याकाळी दाजींनी मला आणि मंगलला पोंक खायला नेलं. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. पण लिंबू-मिऱ्याची शेव घालून सुरती माणूस तो असा खातो, की जणू ज्वारी त्यानंच शोधून काढली. पोटात पोंक गेल्यावर मी धीर केला. "दाजी, तुम्ही तिला पळताना पाहिलंय का?"

"नाही."

"एकदा पाहा. मग हवं ते ठरवा."

दाजींनी उरलेली शेव वेचून खाल्ली. मग म्हणाले, "इथं नको. इथं सगळी ओळखीची. चलथाणकडे कालव्यावर, उसाच्या बाजूला. मी पुढच्या मोठ्या पुलावर उभा राहतो. तुम्ही तिच्या मागे राहायचं, एकटी पोर झाडीतून येणार नाही. बसली, चालली, तर मामा म्हणून खरं सांगायचं. न थांबता आली तर जाऊ दे खुशाल धुळ्याला. नाहीतर नंदुरबारकर येतातच पुढच्या आठवड्यात."

मंगलनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तिची नोकरी आता माझ्या पायांवर होती. देवानं तरी जरा विचार करायचा!

मला तिच्या मागे पळणं झेपणार नाही, यावर घरात सर्वांचं एकमत झालं. एकमत होण्याची ती एकच वेळ. म्हणून शेजाऱ्याची सायकल आणली. सुटीच्या दिवशी शटल रिक्षात सायकल, मी, मंगल आणि काठी असे चौघं कोंबून चलथाणला गेलो. दाजी लुनावरून परस्पर पुलाकडे गेले.

कालवा भरून वाहत होता. वाटेच्या एका अंगाला निलगिरी, दुसऱ्या अंगाला डोक्याच्या वर ऊस, हवेत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. मंगलनं ओढणी कमरेला बांधली. "मामा, निघू?" तिनं विचारलं.

"नीघ. आणि पुलापर्यंत मागे वळून बघायचं नाही. मागे काही होवो."

"मागे काही होवो" हे मी वजन यावं म्हणून बोललो होतो. पण निलगिरीच्या वळणावर गांड्या बावळीनं ओळख दाखवली आणि पुढचं चाक फुस्स करून बसलं. मंगल पुढे, मी खाली. मामा मागे नसेल तर दाजी मोजणार नाहीत, हे डोक्यात लख्ख होतं. सायकल दिली झुडपात ढकलून, काठी उचलली आणि पळालो. "मंगेऽ! थांबू नकोऽस! पळऽ!"

आता हेच दृश्य उसाच्या बाजूनं बघा. एक तरणी पोर जिवाच्या आकांतानं पळतेय आणि तिच्या मागे एक लालबुंद गडी काठी नाचवत ओरडतोय. उसातून कोयते घेतलेले चार-पाच जण निघाले आणि मला अलगद उचललं.

"पोरना मांगे काठी लिसन पळस! लाज वाटत नही?" (पोरीच्या मागे काठी घेऊन पळतोस! लाज वाटत नाही?)

सुरतेच्या उसातही आपलीच, अहिराणी बोलणारी माणसं! मला हायसं वाटलं. मी ओरडलो, "ती मनी भाची शे!" (ती माझी भाची आहे!)

एक म्हातारी मोळी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "पकडाई गया का बठा असंच सांगतस (पकडले गेले की सगळे असंच सांगतात). मामा शेस, मंग भाची काब्र पळी राहिनी?" काब्र म्हणजे का. अगदी रास्त प्रश्न होता.

उसाची मोळी बांधतात तसं त्यांनी हिरव्या वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याचा, पीळ घालून मला बैलगाडीच्या चाकाला बांधलं. गाठ सुबक होती. सुरतचं जेवण आणि काशीचं मरण म्हणतात. जेवण झालं होतं, आणि काशी चलथाणलाच येते की काय असं वाटू लागलं. पण खरं सांगतो, कोयत्यांचं भय नव्हतं. पोर पुलावर पोचेल, मामा दिसणार नाही आणि माझ्यामुळे तिचं सगळं पाण्यात जाईल, या विचारानं माझे डोळे भरले. म्हातारीला वाटलं पश्चात्ताप झाला. तिनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे केला, आणि हात बांधलेले म्हणून स्वतः भरवला.

पुलावर झालं ते मला नंतर कळलं. मंगल पोचली. दाजींनी विचारलं, "मामा कुठंय?" ती म्हणाली, "मागे." मागे तर नुसती निलगिरी. दाजी म्हणाले, "मग तू बसली नाहीस हे कोण सांगणार?" पोरीनं वाद घातला नाही. आल्या पावली वळली आणि पळत सुटली. दाजींनी लुना तिच्या मागे काढली, पण कालवा झिरपून वाटेत चिखल झाला होता. लुना त्यात रुतली.

मी दुसरा घास चावत होतो, तेवढ्यात झाडीतून मंगल आली. "मामा! काय झालं?" तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कुठं लागलंय का बघितलं. म्हातारीनं तोंडात बोट घातलं. "व माय! खरंच भाची शे!"

मग लुना ढकलत, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, माझ्याहून जास्त धापा टाकणारे दाजी आले. चाकाला बांधलेला मेव्हणा बघून त्यांना हसू आवरेना. म्हातारी त्यांच्यावरच खेकसली, "दात काय काढस? हाई पोर गई, आनि मांगे फिरीसनी उनी. कोठे बसनी नही. आम्ही देखं." (ही पोर गेली आणि मागे फिरून आली. कुठं बसली नाही. आम्ही पाहिलं.)

दाजींचं हसू थांबलं. ते मंगलकडे बघत राहिले. बापानं मुलीला पहिल्यांदा पाहावं तसं. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, उद्या लोक बोलतील. भलतंसलतं झालं तर कोण जबाबदार?"

"मी." ह्या वेळी मान एकाच बाजूनं हलली. बांधलेलोच होतो म्हणा.

"लग्नात मामानं पोरीच्या मागे उभं राहायचं असतं," दाजी गाठ सोडता सोडता म्हणाले. "तुम्ही आधीच राहिलात." गाठ त्यांना सुटेना. शेवटी म्हातारीनंच कोयत्यानं कापली.

परतीच्या पॅसेंजरला मंगल धुळ्याच्या भरतीसाठी माझ्याबरोबर होती. दाजी फलाटावर आले होते. नव्या कॅनव्हास बुटांचा खोका खिडकीतून आत सरकवला आणि गाडी हलायच्या आत पाठ फिरवली. आता आठवलं की वाटतं, सुरतेत बघण्यासारखं बरंच काही असेल. मी बघितली ती भाचीची पाठ. ती पुरेशी होती.

उकाईच्या पुढे डोंगर लागले तेव्हा मी विचारलं, "मंगे, माझा आवाज बंद झाला तेव्हा कळलं नाही तुला?"

"कळलं ना. रडूच आलं."

"मग वळून का नाही बघितलंस?"

"तुम्हीच सांगितलं होतं, पुलापर्यंत बघायचं नाही." तिनं खोका मांडीवर घट्ट धरला. "पूल आला, मग वळले."