आण्णांनी चावी हळू उघडली होती

गेल्या महिन्यात बेळगावच्या वडगावातल्या एका वर्कशॉपातून मला बोलावणं आलं. तिथं आरगॉन वेल्डिंगची नवी टॉर्च घ्यायची होती. ती हवेनं गार होणारी घ्यावी की पाण्यानं, यावर मालक आणि त्याचे कामगार यांचं जमत नव्हतं. मी वेल्डिंग सोडून पंधरा वर्षं झाली, पण अजून कुणी कुणी विचारायला येतं. मी म्हणालो, दिवसभर जाड ॲल्युमिनियम करणार असाल तर पाण्याचीच घ्या, हवेची टॉर्च तासाभरात हातात धरवणार नाही.

त्यांनी ती आणली आणि जोडायलाही मलाच बोलावलं. गॅसची नळी वेगळी, येणाऱ्या पाण्याची वेगळी, आणि वीज नेणारी तार परतीच्या पाण्याच्या नळीतूनच जाते, हे मी त्या पोरांना दाखवत होतो. तेवढ्यात मालक आरगॉनच्या सिलिंडरपाशी उभ्या असलेल्या कामगाराला म्हणाला, "चावी हळू उघड रं. आमच्या आज्ज्यानं झटक्यात उघडली आणि हात घालवून बसला. आमच्या घरात हे पन्नास वर्षं सांगत्यात."

त्याचे आजोबा म्हणजे माझे गुरू. मी त्यांना आण्णा म्हणायचो. पाण्याची नळी माझ्या हातात होती, ती मी खाली ठेवली.

आण्णा मूळचे विणकर. त्यांच्या घरात दोन माग होते, आणि वडील, चुलते सगळे साड्या विणायचे. मागाचे लोखंडी भाग दुरुस्त करता करता आण्णा लोहाराच्या भात्यापाशी गेले आणि तिथलेच झाले. मी कंग्राळीचा, शेतकऱ्याच्या घरातला. बेळगावात मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात मी फिटर म्हणून लागलो तेव्हा आण्णा तिथले हेडमिस्त्री होते. महायुद्ध चालू होतं. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून प्रवासी घेऊन निपाणी-कोल्हापूरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाची मोठी पिंपं बसवली होती. कोळसा धुमसून जो गॅस निघायचा त्यावर मोटार चालायची. ती पिंपं सारखी फाटायची. भात्यावर पितळेनं झाळलेला सांधा उष्णतेनं आठवड्यात सुटायचा. शेवटी मालकांनी गॅस वेल्डिंगचा संच घ्यायचं ठरवलं आणि टॉर्च निवडायला आण्णांना आणि मला कोल्हापूरला पाठवलं.

दुकानात दोन टॉर्च होत्या. एक मोठी, चकचकीत, नक्षीदार मुठीची. दुसरी साधी. मला मोठी आवडली. आण्णांनी दुकानदाराला विचारलं की ॲसिटिलीन गॅस भरलेले सिलिंडर बेळगावात मिळतील का. तो म्हणाला, युद्ध संपेपर्यंत नाव काढू नका, कार्बाइड पाण्यात टाकून गॅस तुम्हालाच बनवायला लागणार. म्हणजे गॅसचा दाब अगदी कमी असणार, आणि तो गॅस ऑक्सिजननं स्वतःच ओढून घ्यावा लागणार. आण्णांनी दोन्ही टॉर्चना नुसती ऑक्सिजनची नळी लावायला सांगितली. मग अंगठा पाण्यात बुडवून टॉर्चच्या दुसऱ्या तोंडावर, म्हणजे गॅस आत येतो तिथं ठेवला. मोठीनं उलट फुंकर मारली. साधीनं अंगठा आत ओढला.

"बघ, हात लाव," आण्णा मला म्हणाले. "लेकरू थानाला लागतंय तशी ओढती. हीच घ्यायची."

परतताना त्यांनी ती टॉर्च आपल्या पटक्यात गुंडाळून मांडीवर घेतली. कोगनोळीला एक तंबाखूच्या वखारीत काम करणारी बाई मोटारीत चढली. ती बराच वेळ त्या गाठोड्याकडे बघत राहिली आणि शेवटी तिनं विचारलं की लेकराला ताप हाय का, मघाधरनं रडलं न्हाय. आण्णा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "अजून तोंड उघडलं न्हाय त्यानं. उघडलं की सगळ्या निपाणीला ऐकू जाईल." तवंदीच्या घाटात मोटारीचा कोळसा थंडावला, सगळ्यांनी उतरून ढकलली. आण्णांनी मात्र गाठोडं खाली ठेवलं नाही. एका हातानं ढकलत होते.

दुकानदारानं निघताना एक ताकीद दिली होती. ऑक्सिजनच्या वाटेवर तेलाचा थेंबही जाऊ देऊ नका, ऑक्सिजनला तेल लागलं की ते आपोआप पेट घेतं. आण्णांनी ही गोष्ट देवाचं सोवळं पाळावं तशी पाळली. ऑक्सिजनच्या नटाला हात लावण्याआधी ते राखेनं हात धुवायचे आणि मलाही धुवायला लावायचे. जोडणीत कुठं गळतं का ते बघायला बाकीचे साबणाचा फेस लावतात. आण्णा म्हणायचे, साबणात चरबी असती. ते घरून रिठे आणायचे आणि रिठ्याच्या पाण्याचा फेस लावायचे. नळ्या बसवायला लोखंडी पट्ट्या मिळत नव्हत्या. त्यांनी मागावरचा पीळदार दोरा आणला आणि नळीच्या तोंडावर अशी गाठ मारली की ओढेल तितकी घट्ट व्हायची. गॅसच्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा असतो हे मी रोज विसरायचो आणि रोज उलटा पिळत बसायचो. आण्णा लांबून म्हणायचे, "डाव्या हातानं जेवायला बसलाय असं समज, म्हंजे ध्यानात ऱ्हाईल."

आणि सिलिंडरची चावी. ती उघडताना ते बाजूला उभे राहायचे आणि पाव आटा फिरवून थांबायचे. दाब दाखवणारा काटा वर चढून स्थिर झाला की मग उरलेली. एक दिवसही त्यांनी घाई केलेली मला आठवत नाही. मोटारवाले ताटकळून शिव्या द्यायचे, तरी नाही.

संच येऊन दीड-दोन महिने झाले आणि दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजायची. सगळी हत्यारं धुऊन, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ. आण्णा त्या दिवशी घरी असायचे, कारण वडगावात माग पुजायचा असतो. वर्कशॉपातली पूजा मालकांनी माझ्यावर सोपवली. आईनं कंग्राळीहून वाटीभर खोबरेल दिलं होतं. पाने, हातोडे, कानशी, सांडशी, सगळ्यांना मी तेल लावलं. सगळं चमकायला लागलं. मधोमध टॉर्च आणि सिलिंडरच्या तोंडावर बसून ऑक्सिजनचा दाब आवरणारा पितळी रेग्युलेटर तेवढे काळपट दिसत होते. वर्षातली ती सगळ्यात मोठी, सगळ्यात नवी हत्यारं, आणि तीच पारोशी. मला ते बरं वाटलं नाही.

दुकानदाराची ताकीद मला आठवत होती. विसरलो होतो असं मी आजवर मनाशी म्हणत आलो, ते खोटं आहे. मला वाटलं, आत्ता सिलिंडर जोडलेला नाही, नंतर पुसून टाकू. मी फडक्याला खोबरेल घेऊन पितळ घासलं. नटाच्या आट्यांत काळा मळ होता, तिथं बोटानं तेल घालून तो काढला. पूजा झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसलं. आट्यांच्या आतलं फडक्यानं निघत नाही, हे फिटरला सांगावं लागत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आण्णा आले. निपाणीच्या मोटारीचं पिंप फाटून आलं होतं. त्यांनी राखेनं हात धुतले. रेग्युलेटर मी आधीच सिलिंडरवर बसवला होता. त्याच्याकडं बघून ते हसले.

"लई चमकवलंयस की रं. कशानं घासलंस?"

मी म्हणालो, "राखेनं, आण्णा."

का म्हणालो ते सांगता येत नाही. पुसलं होतं म्हणून काही होणार नाही असं वाटलं असेल. त्यांच्या तोंडावरचं कौतुक जाऊ नये असंही वाटलं असेल. ते म्हणाले, "गुणाचा हायस." बाजूला उभे राहिले. उजव्या हातानं चावी धरली आणि पाव आटा फिरवली.

मोठा आवाज झाला नाही. फूस झालं, पांढरा उजेड पडला आणि रेग्युलेटर मेणासारखा वितळताना मी पाहिला. ज्वाला त्यांच्या उजव्या हातावर आली. तो हात भाजत असताना त्यांनी डाव्या हातानं चावी बंद केली, मग मागं सरकले. त्यांनी ती बंद केली नसती तर शेजारी कार्बाइडच्या गॅसची टाकी होती, आणि पलीकडं आम्ही सहाजण. त्यातला एक मी.

आठ दिवसांनी दुकानदाराचा माणूस जळका रेग्युलेटर बघायला आला. तो म्हणाला की याची दोनच कारणं असतात, एकतर तेल, नाहीतर चावी झटक्यात उघडली. मालकांनी आण्णांना दवाखान्यातून बोलावून घेतलं होतं. त्यांचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. मालकांनी विचारलं, तेल लागलं असेल का. आण्णांनी माझ्याकडं बघितलंही नाही, इतके ते ठाम होते.

"तेल न्हाय. ह्या पोरानं राखेनं घासलंय. ह्यो माझ्याशी खोटं बोलत न्हाय."

तेल नाही म्हटल्यावर एकच कारण उरलं. माझ्यावर टाकलेल्या विश्वासानं ते स्वतः दोषी ठरले. मी तिथं दोन हात अंतरावर उभा होतो. एक शब्द बोलायचा होता. मी जमिनीकडं बघत राहिलो. मालकांनी तिथल्या तिथं सांगितलं की आण्णांनी आता गॅसच्या कामाला हात लावायचा नाही. नवा रेग्युलेटर आल्यावर टॉर्च माझ्या हातात आली. त्यानंतर चाळीस वर्षं मी तिच्यावर आणि तिच्या बहिणींवर पोट भरलं.

आण्णा वर्कशॉप सोडून परत मागावर बसले. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. धोटा टाकता यायचा, पण तुटलेला धागा सांधता यायचा नाही. त्यांची दहा वर्षांची मुलगी शेजारी बसून धागे सांधायची, ती त्यांना आप्पा म्हणायची. मी रविवारी वडगावला जायचो. ते मागावरून उठून माझ्याशी वेल्डिंगचंच बोलायचे. ओतीव लोखंड आधी तापवून घे, ज्योतीची आतली कळी कामाला टेकवू नको. रागाचा एक शब्द नाही. उलट टॉर्चची चौकशी करायचे, "अजून तशीच ओढती न्हवं?" असं. त्यांची मुलगी चहा आणून द्यायची आणि माझ्याकडं टक लावून बघायची.

पण प्रत्येक वेळी निघताना ते एक विचारायचे. "तू शेजारी हुतास. मी हळूच उघडली न्हवं रं?"

"व्हय आण्णा, हळूच."

खरंच सांगत होतो, म्हणून ते सांगायला सोपं जायचं. चावी हळू उघडली तर मग पेटलं कशानं, हा पुढचा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नाही. तो ते स्वतःलाच विचारत असावेत. कारण स्वातंत्र्य मिळालं त्या साली, झेंडे लागले होते त्या दिवसांत मी गेलो, तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मीच थांबलो. ते हातावरची कातडी चोळत म्हणाले, "न्हाय रं. झटका बसला असंल. हाताचं कुणी सांगावं." आणि मागावर जाऊन बसले. इतकी वर्षं त्यांचं त्यांच्या हाताशी भांडण चालू होतं, आणि त्या दिवशी हात हरला. मी तेव्हाही बोललो नाही. पुढं ते गेले, तेव्हा खांदा द्यायला मी होतो.

हे सगळं मी त्या दिवशी नव्या टॉर्चपाशी बसून त्यांच्या नातवाला सांगितलं. कामगार चहाला गेले होते. तो मग म्हणाला, "म्हंजे आज्ज्यानं हळू उघडली हुती."

"पाव आटा. रोजच्यासारखी."

तो उठून दारापर्यंत गेला, परत आला. मला वाटलं, जा म्हणेल. तो म्हणाला, "आत्या अजून हाय. आमच्यातच असती. तिनं कधी मानलं न्हाय. आमचा आप्पा घाई करणारा न्हवता, म्हणती. आम्ही सगळी तिला हसत आलो." मग म्हणाला, "मला तोंडी नको. लिहून द्या. मी तिला वाचून दाखवतो. हवं तर तुम्ही समोर बसा."

मी बसेन म्हटलं. त्याआधी त्यानं राखेची वाटी आणली, कुठून आणली कुणास ठाऊक, आणि माझ्यापुढं ठेवली. मी हात धुतले, आणि राहिलेला आरगॉनच्या नळीचा नट बसवला.

आक्का, तुम्ही त्या वेळी दहा वर्षांच्या होता आणि तुटलेले धागे सांधत होता. तुमचं बरोबर होतं. तेल मी लावलं. राखेनं घासलं असं खोटं मी सांगितलं. तुमच्या आप्पांनी चावी हळू उघडली होती.