बिनतारी मावशीच्या पोटात राहिलेली गोष्ट

गावात तिला सगळे बिनतारी मावशी म्हणत. तोंडावर नुसतं मावशी, पाठीमागे बिनतारी. चौकाच्या वळणावर तिचं इस्त्रीचं दुकान होतं. एक लांब टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटची घडी, घडीवर पांढरी चादर, भिंतीला लागून गाठोडी आणि छतातून लोंबणारी इस्त्रीची वायर. दुकानाला दार होतं, पण ते लागलेलं फारसं कोणी पाहिलं नव्हतं.

इस्त्री करणाऱ्या बाईला माणसांचं बरंच काही कळतं. कोणाची कॉलर उलटून शिवलीय, कोणाच्या खिशात सिनेमाचं फाटकं तिकीट राहिलंय, कोणत्या नवराबायकोचे कपडे अचानक वेगवेगळ्या गाठोड्यांतून यायला लागलेत. हे सगळं एकटीने साठवून ठेवणाऱ्यातली मावशी नव्हती. "मला काय करायचंय म्हणा," असं ती म्हणाली की गिऱ्हाईक कोपर टेकून ऐसपैस उभं राहायचं, कारण खरी बातमी त्यानंतर यायची.

एक गोष्ट मात्र तिने कितीतरी वर्षं पोटात ठेवली होती. देवळातल्या गुरुजींना ऐकू येत नव्हतं.

तिला हे कळलं ते इस्त्री पडली म्हणून. गुरुजी टेबलाकडे पाठ करून आपले अंगरखे मोजत होते आणि मावशीच्या हातून अख्खी इस्त्री फरशीवर आदळली. टेबलाखालचं मांजर उडी मारून रस्त्यापलीकडे गेलं, समोरचा सायकलवाला पान्यासकट धावत आला. गुरुजी अंगरखे मोजतच होते. तिने खात्रीसाठी त्यांच्या पाठीला म्हटलं, "गुरुजी, तुमची शाल जाळली मी." गुरुजींनी घडी सारखी केली आणि वळून नेहमीसारखे हसले.

मावशीला हसू आवरेना आणि भीतीही वाटली. कारण गुरुजींची ख्याती होती ती ऐकून घेण्याचीच. देवळाच्या मागच्या बाकावर बसून अर्धा गाव त्यांच्यापाशी मन मोकळं करायचा. सासू सुनेबद्दल सांगायची, सून सासूबद्दल, आणि कोणाचा शब्द कोणाकडे जायचा नाही. गुरुजी माणसाच्या तोंडाकडे एकटक बघत, मान हलवत आणि शेवटी म्हणत, "होईल, सगळं नीट होईल." लोक हलके होऊन घरी जात. मावशीला आता वाटलं, शब्द बाहेर जाणार कुठून, आत गेलाच नाही तर.

तरी ती गप्प बसली. देवळामागची खोली गुरुजींच्या नोकरीबरोबरची होती आणि त्यांना दुसरं घर नव्हतं. देवळाच्या कमिटीच्या अध्यक्षांच्या बायकोला आपल्या भाच्याला त्या जागी बसवायचं होतं. गुरुजी बहिरे आहेत एवढं कानावर गेलं असतं, तर भाचा बॅग घेऊन संध्याकाळी दारात उभा राहिला असता.

गप्प बसल्याचा एक फायदा मात्र मावशीने करून घेतला. गुरुजी कपडे घेऊन आले की ती त्यांच्या तोंडावर वाट्टेल ते बोलायची. "या, आलं का बदक," म्हणायची. "साबणाला हात जरा सैल सोडा. काल काय गायलात हो, गाढवसुद्धा सुरात ओरडतं." गुरुजी मान हलवायचे. तिचा दिवस मजेत जायचा.

मग गावात सिनेमावाले आले. गोष्ट होती एका खेड्यातल्या सज्जन पुजाऱ्याची. गाव त्याच्याबद्दल कुजबुजतं आणि त्याला गाव सोडायला लावतं. कुजबुजणाऱ्या बाया हव्या होत्या. दिग्दर्शकाने चहावाल्याला विचारलं, चहावाल्याने न बोलता चौकाकडे बोट केलं.

शेवटी तिचा एकटीचा जवळून शॉट घ्यायचा होता. बाकीच्या बाया घरी गेल्या. आजूबाजूला होती फक्त बाहेरगावची मंडळी. दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, या दिव्याच्या स्टँडला मैत्रीण समजा आणि पुजाऱ्याबद्दल काहीही बोला. आवाज आपल्याला नकोय. वर नंतर संगीत टाकणार."

"म्हणजे कोणाला ऐकू नाही येणार?"

"कोणालाच नाही."

मावशीने स्टँडकडे पाहिलं. बारीक, उंच, न बोलणारी मैत्रीण. आणि इतक्या वर्षांचं झाकण उडालं. "अगं, आमच्या गुरुजींना ढिम्म ऐकू येत नाही. लोक रडतात, हे नुसते बघत बसतात. मी कोणाला बोलले नाही हो. हा माणूस इथून गेला तर बाकावर बसायला कोण येणार? त्या भाच्याला बघून तर मांजरसुद्धा उठून जातं." ती बोलतच राहिली. दिग्दर्शकाने थांबा म्हटलं तरी तिचं एक वाक्य उरलं होतं, तेही तिने संपवलं.

घाम पुसत ती बाजूला आली, तर कानांवर हेडफोन लावलेला एक पोरगेलासा माणूस खूश होऊन म्हणाला, "काय बोललात मावशी. अगदी स्वच्छ आलंय."

"काय आलंय?"

"आवाज." त्याने लांब काठीच्या टोकाचा केसाळ बोळा दाखवला. मावशी इतका वेळ त्याला जळमटं काढायचा झाडू समजत होती. "आवाज नको म्हणाले तरी आम्ही घेऊन ठेवतो. कधी कधी तोच वापरतात. आणि पुजारी बहिरा असतो ही कल्पना भारी आहे, मी साहेबांना सांगतो."

"तू साहेबांना काही सांगितलंस ना," मावशी म्हणाली, "तर तुझ्या सगळ्या शर्टांना पाठीवर इस्त्रीचा छाप उठेल."

सिनेमा तयार झाला आणि पहिला खेळ गावाला दाखवायचं ठरलं, तोवर त्या आवाजाच्या धास्तीने मावशीने बरेच कपडे करपवून पिवळे केले होते. खेळ शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी. खिडक्यांवर जाड चादरी ठोकल्या होत्या. पहिल्या रांगेत गुरुजी आणि शेजारी अध्यक्ष सपत्नीक. मावशी बसली सगळ्यात मागे, भिंतीशी, प्रोजेक्टरच्या प्लगला हात लावून. आपला आवाज आला की ओढायचा, मग गाव काय म्हणेल ते म्हणो.

तिचा चेहरा आला. दरवाजाएवढा. हॉलभर शिट्ट्या वाजल्या. पडद्यावरच्या मावशीचे ओठ घाईघाईने हलत होते आणि आवाज येत होता फक्त व्हायोलिनचा, रडका आणि लांबलचक. मावशीने प्लगवरचा हात काढला आणि कपाळाला लावला. बाया डोळे पुसत होत्या. सायकलवाला हुंदके देत होता. त्या रडण्यात पहिल्या रांगेतला एकच माणूस हसत होता. गुरुजींचे खांदे गदगदा हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी कपड्यांचं गाठोडं घेऊन आले. "मावशी, बदक आलंय," म्हणाले.

मावशीची इस्त्री हवेतच थांबली. "तुम्हाला ऐकू येतं?"

"अजिबात नाही. ओठ दिसतात. कान हळूहळू गेले, तसतसे ओठ वाचता यायला लागले. काल तर काय, एकेक ओठ उशीएवढा होता."

"म्हणजे मी इथे रोज जे..."

"रोज."

"ते गाढवाचं पण?"

"ते खरंच असेल. मला कुठे ऐकू येतं."

मावशी स्टुलावर बसली. मग तिला हसू फुटलं, ते थांबेचना, आणि गुरुजीही हसत राहिले. शेवटी ती म्हणाली, "मग इतकी वर्षं लपवलंत का?"

"बहिरा म्हटल्यावर पुढचं कोणी ऐकून घेतलं असतं का? खोली गेली असती." गुरुजींनी गाठोड्याची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली. "पण आता थकलो. कोणी पाठीमागून बोलतंय की काय या धास्तीने देवळात मी भिंतीला टेकूनच फिरतो. तुम्ही सांगून टाका. फक्त अर्धं सांगू नका."

अशी परवानगी मावशीला जन्मात मिळाली नव्हती. तिने इस्त्रीची वायर काढली, दुकानाचं दार ओढलं आणि इस्त्रीचे कपडे घरोघर पोहोचवायला निघाली.

प्रत्येक दारात ती आधी पहिला भाग सांगायची. गुरुजींना ऐकू येत नाही. समोरच्याचा चेहरा उजळायचा. अरे वा, म्हणजे आपण त्या दिवशी जे बोललो ते गेलं वाऱ्यावर. मावशी त्याला जरा उजळू द्यायची. मग दुसरा भाग. ओठ वाचतात, एकही शब्द चुकत नाही. चेहरा उतरायचा, हात आपोआप तोंडावर जायचा. मग मावशी विचारायची, "इतक्या वर्षांत तुमचं एक अक्षर तरी बाहेर आलं?" तोंडावरचा हात हळूहळू खाली यायचा.

अध्यक्षांच्या घरी पहिला भाग ऐकताच त्यांच्या बायकोने भाच्याला फोन लावायला घेतला. दुसऱ्या भागाला अध्यक्षांनी तो तिच्या हातून काढून घेतला.

"सगळं कळतं त्यांना?" त्यांनी मावशीला हळूच विचारलं. "म्हणजे, बाकावर बसून बोललेलं?"

"शब्द न् शब्द."

कमिटीची बैठक त्याच संध्याकाळी झाली. गुरुजींनी शरीरात बळ असेपर्यंत इथेच राहावं, असा ठराव स्वतः अध्यक्षांनी मांडला आणि घाम पुसत खाली बसले. बाकावर उजेड कमी पडतो म्हणून तिथे एक मोठा दिवाही मंजूर झाला.

दिवा लागल्यावर मावशी मुद्दाम बघायला गेली. "एक विचारू?" ती गुरुजींना म्हणाली. "मला काय करायचंय म्हणा. पण अध्यक्षांनी तुम्हाला असं सांगितलं तरी काय होतं?"

गुरुजींनी दिव्याकडे पाहिलं. "देव जाणे. त्यांच्या मिशा पाहिल्यात ना, ओठांवर छपरासारख्या आलेल्या. त्या माणसाचा एक शब्द मला कधी दिसला नाही."

मावशीने पदर तोंडात कोंबला आणि तशीच घरी आली. अध्यक्ष आता शहरात मुलाकडे राहायला गेलेत, म्हणून हे लिहिता तरी येतंय. ते गावात होते तोवर मावशीने हे चकार शब्दाने कोणाला सांगितलं नाही, आणि समोरून अध्यक्ष येताना दिसले की ती घाईने गाठोड्यात काहीतरी शोधायला लागायची.